दोन गाठी जवळ, एक लांब

३ मार्च, तोंडवली

माझ्यावर झालेल्या अन्यायाची कुठेतरी नोंद व्हावी, म्हणून ही वही सुरू करतो आहे. डिसेंबरात मी मुद्दाम मालवणला जाऊन एक काळं मार्कर पेन आणलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘पर्मनंट’ असं छापलेलं आहे. त्या पेनाने मी एकशे साठ पांढऱ्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर, बँकेत एकोणतीस वर्षं गिरवलेल्या सुवाच्य अक्षरात, आंब्याच्या एकशे साठ कलमांची नावं लिहिली. आज सकाळी पाणी घालायला गेलो, तर एकशे साठ पट्ट्या कोऱ्या. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने मिळून तीन महिन्यांत सगळं चाटूनपुसून खाल्लं. पेनावरचा ‘पर्मनंट’ हा शब्द मात्र अजून झळकतो आहे. तो कुठल्या शाईने लिहिला, एवढंच मला कंपनीला विचारायचं आहे.

माझी बायको नीरजा शाळेत शिकवायला निघाली होती. म्हणाली, “कंपनीला पत्र लिही. कोऱ्या कागदावर पाठव, त्यांना कळेल.” तालुक्याच्या साप्ताहिकात तिरकस सदर मी लिहितो, पण घरातलं खरं सदर हीच चालवते.

नावं का हवीत, तेही लिहून ठेवतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर गेल्या पावसाळ्यात मी ही रोपवाटिका काढली, फक्त रायवळ आंब्यांची. हापूस कोणीही विकतो. रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेलं झाड. प्रत्येकाची चव निराळी, म्हणून प्रत्येकाला माणसासारखं नाव. शेजारच्या आनंदीकाकींचा खोबरो: कच्चा फोडला तर ओल्या खोबऱ्यासारखा लागतो. कोणाचा साखरो, कोणाचा शेपो. जगात त्या चवीचं झाड तेवढं एकच. ते पडलं की चव गेली. म्हणून आसपासच्या तेवीस झाडांच्या काड्या आणून कलमं बांधून घेतली. पण कलम लहान असताना सगळी सारखीच दिसतात. फळ धरायला पाच वर्षं. तोवर आंब्याचं नाव म्हणजे त्याला लावलेली चिठ्ठी, दुसरं काही नाही.

सुदैवाने रजिस्टर आहे. चौथी ओळ, नऊ पिशव्या, खोबरो. बँकेचा माणूस आहे मी.

४ मार्च

आज स्वच्छता मोहीम. कलमं बांधणारी नर्मदा ही आतल्या गावातल्या शेतकरी घरातली बाई, साठीची. हात असा की दहातली नऊ कलमं लागतात. पण दृष्टी सौंदर्याची नाही. कलम बांधलं त्याच दिवशी तिने प्रत्येक रोपाला मासेमारीच्या जाळ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा बांधून ठेवला होता. किनाऱ्यावर वाहून आलेली निळी, हिरवी, भगवी चिंधोटी. गाठी मारण्यातही शिस्त नाही. कुठे तीन, कुठे दोन जवळ नि एक लांब, कुठे एक वर एक खाली. काहींना तर एकही नाही. बाईला बहुधा कंटाळा आला असावा. पुण्याचं गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटायचं, इथल्या आंब्यांना दृष्ट लागते.

मी कात्री घेऊन बसलो. नर्मदा येऊन उभी राहिली.

“कापतास, भाई?”

“आता पाट्या लागणार, नर्मदा. कायमच्या.”

“पाटयेर काय लिवतलास?”

“नाव.”

“माका खंय वाचूक येता?”

“तुला वाचायची काय गरज? तूच तर बांधलीस कलमं.”

मला माझं उत्तर हजरजबाबी वाटलं. दोऱ्या पाचोळ्यात घालून पेटवल्या. नायलॉनचा धूर काळा आणि घाणेरडा असतो. तिला म्हटलं लांब हो, पण ती विझेपर्यंत तिथेच उभी होती.

१२ मार्च

टिकाऊ पाटीचा शोध म्हणजे एक शास्त्र आहे, आणि त्यात मी आज प्रवेश घेतला. गच्चीवर सात प्रकार टांगले: लॅमिनेट केलेला कागद, ऑइलपेंट लावलेला पत्रा, चुन्याने लिहिलेली कौलाची खापरी, मार्कर (त्याला शेवटची संधी), साधी शिसपेन्सिल, नेलपॉलिश (नीरजाचं, तिला न विचारता) आणि पोफळीच्या पट्टीवर तापल्या खिळ्याने डागलेली अक्षरं. दिवसभर ऊन, संध्याकाळी समुद्राच्या पाण्याची एक बादली.

नीरजा म्हणाली, “ताम्रपटवाल्या राजांनीसुद्धा इतका विचार केला नसेल.”

“त्यांचं राज्य गेलं. नाव राहिलं.”

“कुणाला वाचता येतं ते?”

१९ एप्रिल

निकाल. लॅमिनेटच्या कडेतून पाणी शिरलं आणि आत शेवाळ वाढलं. ते शेवाळ मात्र छान टिकलं आहे. पत्र्याला गंज. खापरीवरचा चुना धुऊन गेला. मार्करबद्दल मी मौन पाळतो. पोफळीची पट्टी वाळवीने वाचली आणि संपवली. नेलपॉलिश टिकलं, पण पोपडे येऊन ‘शेपो’चा ‘पो’ उरला. सगळ्यांत बरी शिसपेन्सिल, जी घरात आधीपासून होती आणि जिचा मला अपमान वाटला.

पण खरा विजय आजचा. मालवणात सर्वेशच्या छापखान्यात आमचं साप्ताहिक छापतात. कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या वापरलेल्या छपाई-पत्र्यांचा ढीग होता. कागदाहून जाड, कात्रीने कापता येतो, गंजत नाही. खाली जुनं मासिक घेऊन संपलेल्या बॉलपेनाने दाबून लिहिलं की अक्षर पत्र्यात कोरल्यासारखं बसतं. शाईच नाही, तर उडणार काय? बोटाने चाचपलं तरी लागतं.

सर्वेश म्हणाला, “भाई, उलटून बघा, तुमचाच लेख आसा.”

खरंच. गेल्या गणपतीतला, ग्रामपंचायतीच्या दिव्यांवरचा. माझ्या लेखनाच्या पाठीवर आता आंब्यांची नावं. एवढा उपयोग त्याचा पहिल्यांदाच होतो आहे.

६ मे

पाट्या लागल्या. एकशे साठ पिशव्यांना एकशे साठ पाट्या हा मूर्खपणा आहे, हे माझ्या लक्षात आलं. तेवीस ओळींना तेवीस पाट्या पुरतात. प्रत्येक ओळीच्या टोकाला बांबूची काठी आणि त्यावर चकचकीत पत्रा. उन्हात अशा चमकतात की नीरजा म्हणाली, विमान उतरेल.

नर्मदा हल्ली कामाची वेळ संपली तरी थांबते. एकेका कलमाजवळ वाकून पानं हाताळते, चुरगाळते, हुंगते. रोपांवर जीव आहे तिचा. मी तिला म्हटलं, पानं तोडू नकोस उगाच.

२२ मे

रात्रभर वारा. पहाटे एक आवाज झाला, जमिनीतूनच आल्यासारखा. खोबरो पडला.

सकाळी गेलो. आनंदीकाकी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. झाड त्यांच्या सासूच्याही आधीचं. मुळं आभाळाकडे, आणि त्यांनी धरून ठेवलेली ओली माती अजून खाली गळत होती. दर वर्षी वैशाखात पहिला पाड उतरला की आळीतल्या प्रत्येक घरात एक कैरी जायची. मीठ लावून, केळीच्या पानात. आमच्या घरी चौपन्न वर्षं आली असेल; मी मोजली नाही कधी.

“भाई, माझो खोबरो गेलो रे.”

मी ऐटीत म्हटलं, “काकी, गेला कुठे? त्याची नऊ पोरं आहेत माझ्याकडे. पाऊस नीट लागू दे, इथेच एक लावून देतो. वचन.”

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माका खाऊक नको. पाच वर्सां कोणी बघल्यानी? तो हय उभो आसा, इतक्याच होया.”

परत येताना मला दानशूर झाल्यासारखं वाटत होतं.

२५ मे

आज लवकर झोपणार आहे, पण आधी हे लिहून ठेवतो.

दुपारी मागच्या व्हाळाचं, त्या एवढ्याशा ओढ्याचं, पाणी एकाएकी चढलं. घोट्याला, मग पोटरीला, आणि मग पिशव्या हलायला लागल्या. मी, नीरजा, नर्मदा आणि आळीतली पाच-सहा माणसं. ज्याच्या हाताला जी पिशवी लागली ती घेऊन धावलो. काही आमच्या पडवीत, काही माळ्यावर, काही काकींच्या ओसरीवर. अर्ध्या तासात एकशे साठच्या एकशे साठ वाचल्या. एकही मोडली नाही. मी सगळ्यांना चहा पाजला. फार छान वाटत होतं.

२६ मे

पाणी उतरलं. सकाळी मागे गेलो.

रिकाम्या चिखलात तेवीस पाट्या ताठ उभ्या होत्या. एकही हलली नव्हती, एकही पुसली नव्हती. चौथ्या पाटीवर ‘खोबरो’ दहा पावलांवरून वाचता येत होतं. तिच्यासमोर एक बेडूक बसला होता.

मी पडवीत येऊन रोपांकडे पाहिलं. एकशे साठ सारखी कलमं. सारखी पानं.

नीरजाने विचारलं, “रजिस्टर काय म्हणतं?”

“चौथी ओळ.”

तिने पडवीभर नजर फिरवली आणि रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

जगातली खोबऱ्याची नऊ रोपं माझ्या पडवीत आहेत आणि मला त्यातलं एकही ओळखता येत नाही. काकींना कुठलंही एक द्यावं, हा विचारही मनात आला. पाच वर्षांनी कळणार, आणि तेव्हा विचारायला कोण येणार आहे? हे वाक्य मी लिहिलं आहे. खोडत नाही.

३० मे

काकींकडे झाड कापायला करवतवाले आले होते. त्यांना ओंडके हवेत आणि मला शांती हवी, म्हणून मी फांद्यांत बसलो होतो. वरच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, एरवी तीस फूट उंच असलेल्या जागी, सालीत अर्धी रुतलेली एक निळी दोरी दिसली. रंग दुधी झाला होता, पण तुटली नव्हती. तीन गाठी. दोन जवळ, एक लांब.

मी ती कितीतरी वेळ बघत होतो. मार्चमध्ये कात्री चालवताना याच गाठी मी पाहिल्या होत्या. चौथ्या ओळीत. नऊ वेळा.

नर्मदाला हाक मारली. ती आली, दोरी अंगठ्याने चाचपली.

“ही माझीच.”

“कधी बांधलीस?”

“माझी संचिता पोटात होती तेवा. पयली काडी घेतलय हेची. ता कलाम जगूक नाय.”

संचिता आता सव्वीस वर्षांची आहे. सव्वीस पावसाळे, सव्वीस उन्हाळे, शंभर फुटांवर समुद्र. गच्चीवरच्या माझ्या सात प्रकारांची मला आठवण झाली.

“आणि गाठी?”

“दोन जवळ, एक लांब, खोबरो. तीन जवळ, साखरो. एक वर एक खाली, शेपो. माझो बापूस काथ्याचे बांधी. काथो कुसता. ही कुसणा नाय.”

तिने तेवीसच्या तेवीस सांगितले. न अडखळता, करवतीच्या आवाजात.

“तेव्हा का बोलली नाहीस, नर्मदा?”

“तुमी म्हटलास पाटये लागतले. माका वाटला, झाडाक बांधतलास.” आणि अगदी सहज म्हणाली, “तुमी जमनीक बांधलास.”

माझ्या सदरात मी बावीस वर्षांत असं वाक्य लिहिलेलं नाही.

३१ मे

आता काही होईल का, हे विचारायला तिच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. ती तांदूळ निवडत होती.

“पालवी येऊ दी. जुन्या पानाक कळणा नाय.”

“मग कळेल?”

“कायकांचा कळात.”

मार्चनंतर ती संध्याकाळी थांबून पानं का हुंगत होती, ते मला घरी परत येताना, तिठ्यावर कळलं. दोऱ्या गेल्यावर ती सगळी रोपं नाकाने पाठ करत होती. आणि मी तिला म्हटलं होतं, पानं तोडू नकोस.

१८ जून

पालवी फुटली. तांबूस, मऊ, भिजल्या कापडासारखी लोंबणारी.

नर्मदा पहाटे आली. उपाशी, चहा नाही, पान नाही. म्हणाली, तोंडात वास असला की नाकात खोटं जातं. जवळ पाण्याचं तपेलं आणि राख. एक कोवळं पान घ्यायचं, तेही कलमाच्या सांध्याच्या वरचं, कारण खालचं बोलेल ते खुंटाचं बोलेल, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधली त्याचं. दोन बोटांत चुरायचं, डोळे मिटायचे. मग राखेने हात धुऊन पुढचं. मी पिशव्या सरकवत होतो.

पहिल्या तासात मला हसू येत होतं, कबूल करतो. दुसऱ्या तासात मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका पिशवीचं पान तिच्या हातात दिलं, पंधरा पिशव्यांनंतर त्याच पिशवीचं दुसरं दिलं. तिने डोळे उघडले नाहीत.

“ह्या तुमी मगाशी दिलास, ताच.”

त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही. मी फक्त बघत होतो. तिची नाकपुडी किंचित हलायची, कपाळावर एक आठी यायची आणि जायची, आणि ओठांवर नाव यायचं, जसं गर्दीत ओळखीचं माणूस दिसलं की येतं. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे कोणाकोणाची आवारं उभी राहत होती, कोण जाणे. कितीतरी वर्षांचे वैशाख त्या दोन बोटांत होते. मी एक पान स्वतः चुरून पाहिलं. मला पानाचा वास आला.

२० जून

तिसरा दिवस. संपलं. एकशे तेराची नावं लागली. सत्तेचाळीस राहिली.

“ह्ये सात खोबरे,” तिने पिशव्या बाजूला काढल्या. “ह्ये दोन असतीत. पण मी सांगूचंय नाय.”

“अंदाजाने?”

“अंदाजान कोणाच्या परसात झाड लावतलास?”

सत्तेचाळीस रोपांना काय लिहायचं, विचारलं. म्हणाली, बिनगाठीची दोरी. तिच्याकडे त्यालाही खूण आहे. बिनगाठीची म्हणजे माहीत नाही. गेल्या वर्षीही अकरा होती तशी. काड्यांची मोळी विस्कटली होती, म्हणून तिने नाव दिलं नव्हतं. रजिस्टर लिहिताना मात्र त्या अकरांना मी जवळच्या ओळींत ढकललं होतं, कारण रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही. बाईला कंटाळा आला असावा, असं मी याच वहीत लिहिलं आहे. मागे जाऊन वाचलं. अक्षर सुवाच्य आहे.

४ जुलै

रात्री पत्रा कापून नवीन पाट्या केल्या, एकशे साठ. या रोपालाच बांधायच्या, सैल, ॲल्युमिनियमच्या तारेने, म्हणजे खोड वाढलं तरी आवळणार नाहीत. आणि एक भर घातली. नावाखाली बॉलपेनाने दाबून टिंबं, नर्मदाच्या गाठींसारखी: खोबऱ्याला दोन जवळ, एक लांब. सत्तेचाळीसांवर नुसती कोरी रेघ.

सकाळी एक पाटी नर्मदाच्या हातात दिली. ती समोर व्हाळाकडे बघत होती, कोण आलं ते पाहत. अंगठा पत्र्यावरून फिरला. अक्षरांवरून नुसता गेला, खाली टिंबांवर थांबला.

“खोबरो,” ती म्हणाली.

मग तिने पाटीकडे खाली पाहिलं, पुन्हा अंगठा फिरवला, आणि ढिगातली दुसरी उचलली. “शेपो.” तिसरी. “ह्या म्हाईत नाय.” एकेक करत तिने सगळ्या वाचल्या. मी पिशव्या आवरायचं निमित्त करून तिथेच घोटाळत राहिलो.

नीरजा दारातून बघत होती. शाळेची वेळ झाली तरी ती निघाली नाही.

६ जुलै

काकींकडे आज लावलं. जुन्या बुंध्यापासून चार पावलं पूर्वेला. नर्मदाने जागा दाखवली. खड्ड्यात शेण, राख आणि पडलेल्या झाडाचाच कुजका भुसा.

लावण्याआधी काकींनी हात पुढे केला. मी कोवळं पान चुरून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि तसाच हात धरून बसल्या. मी आणि नर्मदा भिजत उभे. सातातलं एकसुद्धा चुकलं असेल तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“ह्योच,” काकी म्हणाल्या.

पाटी बांधायला गेलो, तर म्हणाल्या, “नाव कित्या लिवतंस? हय दुसरो कोण आसा?”

“पुढच्यांना कळायला, काकी.”

“बांध तर. पण दोरयेन पण बांध.”

नर्मदाने कमरेची दोरी काढून माझ्याकडे दिली. दोन गाठी जवळ, एक लांब. मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. लांब म्हणजे किती लांब, ते तिने माझ्या बोटांना धरून दाखवलं.

२९ जुलै

श्रावण लागला. उद्यापासून नवीन कलमं बांधायची.

गेले पंधरा दिवस मी पहाटे किनाऱ्यावर फिरतो आहे. आळीत चर्चा आहे की डॉक्टरांनी सांगितलं असावं. उधाणाने जाळ्यांची तुटकी टोकं वर टाकलेली असतात. ती आणून गोड्या पाण्यात भिजवली, मीठ काढलं, उसवली. खोबऱ्याच्या दुबेळक्यातली जुनी दोरी माप म्हणून घेतली, कारण वीत तिची हवी, माझी नव्हे. निळ्या, हिरव्या, भगव्या. टोकं मेणबत्तीवर डागली, म्हणजे सुटणार नाहीत. धूर तसाच होता, काळा आणि घाणेरडा.

एकशे साठ झाल्यावर थांबलो. मार्चमध्ये तेवढ्याच जाळल्या होत्या.

मोळी बांधून तिच्या पाटाशेजारी, कलमाच्या सुरीच्या डब्याखाली ठेवली, आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पेपर उघडला. नर्मदा आली. डबा उचलला. मोळी सोडली, मधली एक दोरी ओढून काढली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली, दातांखाली धरून पाहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. दोरी कमरेला खोचली, पाट पुढे ओढला आणि म्हणाली, “भाई, पयली काडी द्या.”